दांडा वजा

सावद्याला स्टेशनामागे माझा काटा आहे.
केळीचा. पाचशे किलोपर्यंत खोटं बोलत नाही,
त्यापुढे जरा लाजतो.
सव्वीस वर्षं तेच काम:
एकूण वजन लिहायचं, दांडा वजा करायचा,
उरेल ते शेतकऱ्याच्या नावावर.

माघात एकदा ट्रकला उशीर झाला
आणि हमालांनी मलाच काट्यावर चढवलं.
एक्क्याण्णव.
लुकमान तडवी म्हणाला, भाऊ, दांडा किती धरू?
सगळे हसले. मीही हसलो,
आणि हसतोय तोवर आकडा थांबेना.

फैजपूरच्या डॉक्टरने
तेल, तूप, साखर, तिन्हींवर फुल्या मारल्या.
म्हणाला, ऊन तापायच्या आत उतरा.
पंचेचाळीस डिग्रीत हे ओझं काळीज वाहणार,
त्याला हमाल मिळत नाही.
मी आखाजीपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग शेवभाजी आली की शेव पोरांना,
तर्री चमच्याने काठाला,
आणि मला उरलेलं तांबूस पाणी.
दादरची भाकरी एकच.
ती एक दिवसेंदिवस परातीएवढी व्हायला लागली,
तेव्हा विमलने वर ताटली पालथी घालून
कडा कापून टाकल्या.
कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार नाही.
तापीच्या वाळूतली काकडी, सालासकट.
ताक इतकं पातळ
की पेल्याच्या तळाचं नाव वाचता यायचं,
सासऱ्यांचं.
केळ्याचं मात्र डॉक्टरला विचारायचं राहिलं.
मुद्दाम राहिलं.

पहाटे कालव्याच्या कडेने चालायचो.
वायकोळे सर आठवडाभर बरोबर होते,
मग त्यांचा गुडघा आडवा आला.
मी एकटाच जायचो,
बागांतून ओल्या पानांचा वास,
आठ वाजता त्याच पानांच्या चिंध्या.
रात्री अकराला भूक उठायची,
मांजरासारखी डब्यांभोवती फिरायची,
झाकण वाजलं की विमल अंधारातून म्हणायची,
पाणी प्या.

चैत्रात खिळा तापवून पट्ट्याला भोक पाडलं.
वैशाखात दुसरं.
दोर न धरता ट्रकवर चढलो त्या दिवशी
लुकमान काही बोलला नाही,
नुसता काट्याकडे बोट करून उभा राहिला.
एकोणऐंशी.

आखाजीच्या आदल्या दिवशी
सुरतेच्या गाडीने वृषाली आली.
लग्नानंतरची पहिली आखाजी.
आबा, किती बारीक झालात!
मी सांगायला तोंड उघडलं,
ताकापासून सुरू करणार होतो,
तेवढ्यात तिने बॅग उचलली
आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरत गेल्या.
मार्गशीर्षात त्याच बांगड्या
साबण लावून चढवल्या होत्या.

मी मापाडी माणूस.
माझी नजर फार तर किलोभर चुकते.

तिकडे काय खातेस?
सगळं खाते.
कधी?
सगळ्यांचं झालं की.
आणि ती रिक्षावाल्याशी भाडं ठरवायला लागली,
ओळखीचा रिक्षावाला, भाडं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी विमलने खापर मांडलं.
पुरणाची पोळी हातांवर फिरत फिरत
कोपरापर्यंत वाढली, खापरावर पसरली.
रस, तूप, पाटावर आम्ही दोघं समोरासमोर.
ती म्हणाली, अर्धीच.
मी अख्खी घेतली. तूप मागितलं.
विमलने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे,
आणि वाटी भरून ओतलं, दोघांना.
दुसरी मी घेतली, कारण ती नको म्हणत होती.
तिसरी तिने आपणहून मोडली.

संध्याकाळी गमतीत म्हटलं,
चल, काट्यावर उभी राहा.
मी काय केळी आहे का, म्हणाली,
आणि निंबाच्या झोक्यावर जाऊन बसली.

त्या फांदीला जुनी खोड.
वृषाली शाळेत होती तेव्हापासून
दर झोक्याला करकरायची,
आम्हाला घरात कळायचं, ती बाहेर आहे.
मी खाली उभा होतो.
ती उंच जात होती, आणखी उंच,
आणि मी कान देऊन ऐकत होतो.